पाइपलाइनच्या वर्षाचा बहार

यंदा छाटणी लांबली. दसरा झाला तरी पाऊस हटेना, रानात पाय ठेवला की घोट्यापर्यंत चिखल. शेवटी दिवाळीच्या तोंडावर ऊन पडलं आणि सुरगाण्याकडची माणसं बागेत उतरली. सकाळी चहाचं पातेलं घेऊन बांधावर गेले तर सगळीकडून कात्र्यांचा आवाज येत होता. कच्, कच्, कच्. वर्षभर वाढलेल्या काड्या खाली पडत होत्या आणि इतके दिवस हिरव्या मांडवाआड दडलेलं आभाळ एकेका ओळीतून उघडं पडत होतं.

गोड्या बहाराची छाटणी म्हणजे आमच्याकडचं खरं नवं वर्ष. छाटणी झाली की काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे कोंबांच्या जागांना, पेस्ट लावायची. तिचा उग्र वास दोन दिवस घरात, कपड्यांत, अगदी भाकरीतसुद्धा येतो. मग आठवडाभर बाग मेल्यासारखी दिसते आणि एका सकाळी डोळा फुगलेला असतो, कापसाच्या बोंडासारखा लवदार. तो फुगलेला डोळा पाहिला की मला दरवर्षी तेच वर्ष आठवतं. आठवतं म्हणणंही बरोबर नाही. ते वर्ष कुठं गेलेलंच नसतं, फक्त छाटणीनंतर उघडं पडतं.

आमच्या बागेच्या बरोबर मधून एक मोकळा पट्टा जातो. पश्चिमेकडून येतो, पूर्वेकडे विंचूरच्या अंगानं निघून जातो. पाच-सहा ओळी सहज मावतील एवढा रुंद. त्यावर द्राक्षाची वेल लावायची नाही, झाड लावायचं नाही, विहीर-बोअर घ्यायची नाही, भिंत घालायची नाही. थोड्या थोड्या अंतरावर खुणेचे खांब आहेत. त्या मातीखालून पाइप गेलाय आणि पाइपातून कच्चं तेल जातं. जहाजांतून आलेलं तेल समुद्राकाठच्या मोठमोठ्या टाक्यांत साठवतात आणि तिथून जमिनीखालून ढकलत पार लांबच्या रिफायनरीपर्यंत नेतात. पाहुणे आले की हमखास विचारतात, आवाज येतो का हो? नाही येत. काहीच येत नाही. ना आवाज, ना वास, ना धग. वर मी मेथी, कोथिंबीर, गहू, कधी कांदा करते. उथळ मुळांचं पीक चालतं.

कंपनीचा माणूस पट्ट्यावरून रोज चालत जातो, कुणी खणलंय का ते बघत. परवा कोथिंबीर उपटत बसले होते तर थांबला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही या पट्ट्याची लय काळजी घेता. बाकीचे लोक शिव्या घालतात आम्हाला."

मी हसले. शिव्या आम्हीही घातल्या होत्या, त्या वर्षी.

लग्न होऊन मी या घरात आले त्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती. माहेर बागलाणातलं, नामपूरचं. शिक्षण बी.ए. मराठी. इथं आले आणि द्राक्षाचं सगळं शिकले, पेस्ट लावायचं, फुटवे काढायचे, घड औषधात बुडवायचे. मूल झालं नव्हतं. नाशिकच्या डॉक्टरांकडे जाऊन झालं होतं, नवससायास झाले होते. नंतर त्यावर घरात कुणी बोलत नसे. हे, म्हणजे माझे यजमान, मुळातच कमी बोलणारे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या माळकरी, करड्या, पण मला त्यावरून त्यांनी कधी टोचलं नाही. फक्त शेजारी कुठं बारसं असलं की त्या एकट्याच जाऊन यायच्या आणि मला सांगायच्या, "तुला बागेत काम होतं म्हणून सांगितलं मी."

अशात पाइपलाइनचे मोजणीवाले आले. पट्ट्यावर चुना पडला. जी वेल हातानं लावली, खोड ओलांडीपर्यंत नेलं, ओलांडीचा आडवा फाटा तारेवर वळवला, ती चुन्याच्या आत आली. तोडायच्या दिवशी यांनी कुणाला हात लावू दिला नाही, स्वतः करवत घेतली. दुपारपर्यंत ओळींच्या ओळी आडव्या झाल्या. कापलेल्या खोडांमधून पाणी ठिबकत होतं. आत्याबाई ओट्यावरून बघत होत्या. एवढंच म्हणाल्या, "बास कर आता, जेवून घे."

पाठोपाठ यंत्रं आली, लांबलचक ट्रकवरून पाइप आले आणि माणसं आली. बंगाली, बिहारी, ओडिया, पंजाबी. आमच्या मळ्यात छाटणीच्या मजुरांसाठी बांधलेली एक खोली होती. एका संध्याकाळी तिशीतला एक वेल्डर दारात उभा राहिला. हातावर, गळ्यावर ठिणग्यांचे बारीक काळे डाग. नाव बिमल, गाव मेदिनीपूरकडचं. बायको बरोबर होती, तिला सातवा लागला होता आणि तंबूत थंडी सोसेना. दोन महिन्यांसाठी खोली मिळेल का, असं तो विचारत होता. त्याच्या पाठीमागे, अंगणाच्या कडेला, ती उभी होती. शेफाली. बारीक चणीची, मोठ्या डोळ्यांची. शालीखाली पोट झाकायचा प्रयत्न करत होती आणि ते झाकलं जात नव्हतं.

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "देऊ या की."

आमची मैत्री कशी झाली ते मला नीट सांगता येणार नाही. तिला मराठी येत नव्हतं, माझं हिंदी सिनेमापुरतं, तिचंही तसंच. ती पुरुषांना 'आती है' म्हणायची आणि स्वतःला 'जाएगा'. दुपारी मी फुटवे काढायला बागेत असले की ती बांधावर येऊन बसायची. तिला मासे खावेसे वाटायचे. धरणावरून मासे विकायला येणाऱ्या बाईकडून घ्यायची आणि आत्याबाईंना वास जाऊ नये म्हणून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, तीन विटा मांडून शिजवायची. दोन-तीनदा असं झाल्यावर आत्याबाईच मला म्हणाल्या, "तिला म्हणावं, एवढ्या लांब नको जाऊ. पोटुशी बाई. मी नाक दाबून घेईन." मी ते शेफालीला कसंबसं समजावलं तेव्हा ती इतकी हसली की हातातली पळी खाली पडली.

एकदा तिनं विचारलं, "दीदी, आपका बच्चा?"

मी मान हलवली.  मग माझा हात धरून तिनं आपल्या पोटावर ठेवला. आत कुणीतरी कूस बदलत होतं. बागेतली सगळी माणसं त्या वेळी आपापल्या कामात होती, कुणाचं लक्ष नव्हतं. मी हात काढून घ्यायचं विसरले.

त्या दिवसांत पट्ट्यावर पाइपाला पाइप जोडत काम पुढं सरकत होतं. वारा लागू नये म्हणून सांध्यावर छोटा तंबू टाकायचे. त्यात बिमल आडवा होऊन वेल्डिंग करायचा आणि तंबूच्या फटीतून निळा उजेड फडफडायचा. बघू नका, डोळे जातील, असं सगळे सांगायचे. शेफाली पाठ करून बसायची, पण तो उजेड चालू आहे की थांबला, हे तिला न बघता कळायचं. पहिला घड फुलोऱ्यात आला तोवर सांधणारे लोक आमच्या शिवारातून पुढं गेले. मागे राहिली चर खणणारी आणि पाइप चरात सोडणारी माणसं.

डिसेंबर आला. आमच्याकडं निफाडची थंडी म्हणजे सांगायची गोष्ट नाही. पहाटे पाइपलाइनच्या लोखंडावर दव गोठल्यासारखं दिसायचं. एका दुपारी मी घड बुडवत होते. एका हातात औषधाचा मग, एकेक घड त्यात बुडवायचा, हलवायचा, सोडायचा. आत्याबाई बांधावरून हाका मारत आल्या. मी त्यांना पळताना कधी पाहिलं नव्हतं.

शेफालीला कळा सुरू झाल्या होत्या. दिवस भरले नव्हते. अंग तापलं होतं आणि रक्त जात होतं.

यांनी पिकअप काढली. मागे गोणपाटं, त्यावर गादी, गादीवर शेफाली, तिचं डोकं माझ्या मांडीवर. मळ्यातून रस्त्याला लागायची आमची एकच वाट आणि ती पट्टा ओलांडून जाते. तिथं येऊन गाडी थांबली. सकाळपर्यंत वाट होती. आता तिथं पुरुषभर खोल चर होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ कापलेला. वाटेपुरती जागा सोडून काठावर पाइप उचलून ठेवलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आत सोडायचा होता. वाटेवर तात्पुरता रस्ता करून देणार होते, पण तो उद्या.

हे खाली उतरले. सुपरवायझर होता, त्याच्याशी बोलले. तो वाईट माणूस नव्हता. तोही गोंधळला होता. "माती टाकली तर अख्खा चर पुन्हा साफ करावा लागेल, साहेब. उद्याचं सगळं काम अडेल. थांबा, मी ऑफिसला विचारतो," म्हणाला आणि फोन लावायला लागला. फोन लागत नव्हता. बिमल पुढं कुठल्याशा शिवारात होता, त्याला निरोप द्यायला एकजण मोटरसायकलवर गेला होता.

शेफालीनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की तिची नखं रुतली. ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

आत्याबाई गाडीच्या पुढच्या सीटवरून उतरल्या. डोक्यावरचा पदर नीट केला आणि चराच्या काठाशी गेल्या. पोकलेन चालवणारा बिहारी माणूस केबिनमध्ये बसून सगळं बघत होता. आत्याबाई सुपरवायझरशी बोलल्याच नाहीत. पोकलेनवाल्याकडं बघून म्हणाल्या, "दादा, तुमचा पाइप उद्या बी जाईल, परवा बी जाईल. हे लेकरू थांबायचं नाय."

त्याला मराठी कितपत कळलं कोण जाणे. त्यानं सुपरवायझरकडं एकदा बघितलं. सुपरवायझरनं फोन कानाला तसाच ठेवला आणि तोंड दुसरीकडं फिरवलं. मशीन सुरू झालं.

मातीचे ढीग चरात पडायला लागले. त्या लोखंडी पंजानं माती ढकलली, वरून थोपटली, पुन्हा ढकलली, पुन्हा थोपटली. चर खणणाऱ्या माणसांनी काठावरच्या लाकडी फळ्या आणून आडव्या टाकल्या. मला वाटतं, फार वेळ लागला नसेल. पण मी खाली शेफालीच्या तोंडाकडं बघत होते आणि तो वेळ संपत नव्हता. गाडी त्या मऊ मातीवरून पलीकडे निघाली तेव्हा मागची दोन चाकं रुतली. आठ-दहा माणसांनी, कुणी कुठला, कुणी कुठला, मागून खांदा लावला आणि आम्ही रस्त्याला लागलो.

निफाडच्या दवाखान्यात मुलगी झाली. दोन किलोही भरली नाही. शेफालीचं रक्त थांबेना म्हणून तिला नाशिकला हलवलं, बाळाला निफाडलाच काचेच्या पेटीत ठेवलं. बिमल आला तो कामावरच्या कपड्यांत, तोंड धुरानं काळं. नाशिकच्या दवाखान्यातल्या जिन्यावर तो बसून होता. मी चहा घेऊन गेले तर त्यानं कप हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. म्हणाला, "दीदी, ये नहीं बची, तो बच्ची को आप ही रख लेना। मैं कहाँ लेके घूमूँगा।"

मी म्हटलं, "चाय पियो।"

बाळाला पेटीतून बाहेर काढलं तेव्हा आई नाशिकला तापात होती, बापाला कामावर जाणं भाग होतं. गँग सुटली असती तर पुन्हा उभं करून घेतलं नसतं. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, "घरमालकीण." त्यांनी बाळ माझ्या हातात दिलं. उघड्या छातीशी धरायचं, ऊब द्यायची, वाटी-चमच्यानं दूध पाजायचं, एवढं शिकवलं आणि घरी पाठवलं.

ती इतकीशी होती. लाल, सुरकुतलेली, कपाळाला आठ्या. आत्याबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "ही तर मनुका झालीय सुकून." झालं, तेच नाव पडलं. मनुका.

मग जे दिवस आले त्यांचं मी काय लिहू? बाहेर बागेत घडांचे मणी बाजरीएवढे होते, मग ज्वारीएवढे झाले, मग वाटाण्याएवढे. थंडीनं मणी तडकू नयेत म्हणून हे पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवायचे. ओल्या काड्यांचा धूर ओळींमधून जमिनीलगत सरकत घरापर्यंत यायचा. मी आतल्या खोलीत, चोळीच्या आत मनुका, वरून लुगडं, त्यावरून यांचा जुना स्वेटर. तिचं काळीज माझ्या छातीवर पाखराच्या गतीनं चालायचं. मी श्वास रोखून ते ऐकायची. थांबलं असं वाटलं की तिच्या पायाला टिचकी मारायची. ती चिडायची, तोंड वेंगाडायची आणि मला हायसं वाटायचं.

हे शेकोट्यांवरून परतले की हात धुऊन दाराशी उभे राहायचे. आत यायचे नाहीत, अंगाला धुराचा वास म्हणून.

"दूध घेतलं?"

"घेतलं. सगळं घेतलं आज."

"हं."

एवढंच. पण वाटी-चमचा उकळून ठेवायचं काम त्यांनी कुणी न सांगता आपल्याकडं घेतलं. आठ वर्षांत ज्याबद्दल आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो, ते त्या उकळत्या पाण्याच्या भांड्याशी उभं राहून ते जणू बोलत होते.

आत्याबाईंनी एक दिवस ट्रंक उघडली आणि चांदीचे वाळे काढले. यांच्या लहानपणचे. चिंच लावून घासले, तिच्या पायात घालून बघितले. ते निसटून पडले, इतके पाय बारीक. "होतील हळूहळू," त्या म्हणाल्या.

शेजारच्या मळ्यातली काकू येऊन सरळच म्हणाली, "मागून घ्या गं. त्यांचं काय, आज हितं उद्या तितं. वरून देवानंच धाडलीय." आत्याबाई तिच्यावर रागावल्या नाहीत. मी खाली मान घालून दुपटं घडी करत राहिले. मला ते बोलणं संपायला नको होतं.

बिमल सुट्टीच्या दिवशी यायचा. काम पुढं सरकत होतं तसा तो लांबून यायचा, आधी विंचूर, मग येवल्याच्याही पुढून. बोटानं बाळाची हनुवटी हलवायचा आणि नाशिकला दवाखान्यात जायचा. एकदा आला तेव्हा चेहरा उजळला होता. शेफालीचा ताप उतरला होता. डॉक्टर सोडणार होते.

मला आनंद झाला. खरंच झाला. ती माझी मैत्रीण होती. पण त्या संध्याकाळी मनुकाला पाजताना माझा चमचा दोनदा चुकला.

शेफाली आली ती निम्मी होऊन. हाडं आणि डोळे. मी मनुकाला तिच्या मांडीवर दिलं. मनुका क्षणभर थबकली आणि रडायला लागली. निळी पडेस्तोवर रडली. शेफालीनं थोपटलं, गाणं म्हटलं, उभी राहून हलवलं. शेवटी मी घेतलं. माझ्या अंगाचा वास लागताच ती गप्प झाली आणि झोपलीसुद्धा.

असं रोज व्हायला लागलं. शेफालीचं दूध आटत आलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, बाळाला अंगावर घेत राहा, वरचं कमी करा, येईल दूध. पण ते बाळ अंगावर घ्यायचं कसं? ते तर पलीकडच्या खोलीत माझा आवाज ऐकला तरी मान वळवायचं. शेफाली मला काही बोलली नाही. एकदा मी पाणी द्यायला गेले तर ती भिंतीकडं तोंड करून बसली होती, पदर ओला. तिनं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. त्यात राग असता तर मी भांडले असते. ती नुसती थकली होती.

त्या रात्री काही न ठरवता झोपले आणि सकाळी उठून यांना म्हटलं, "मला नामपूरच्या एसटीत बसवून द्या."

"आत्ता? विरळणीला बाया आल्यात. मण्यात पाणी उतरायचं दिवस."

"आत्ताच."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग खोलीकडं, जिथून मनुकाचा आवाज येत होता. पायात चपला घातल्या.

मी तिला घेतलं नाही. दाराशी गेलेही नाही. एसटीत बसल्यावर कळलं की अंगात अजून यांचा तो स्वेटरच आहे.

नामपूरला तेव्हा उन्हाळ कांद्याची लागवड चालली होती. आईनं मला पाहिलं आणि तिच्या अहिराणीत विचारलं, "कशी काय उनी वं माय, एकलीच?" एकटी का आले ते मी सांगितलं. तिनं पुढं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मला वाफ्यात घेऊन गेली. गुडघ्यावर बसायचं, डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताच्या अंगठ्यानं एकेक रोप चिखलात दाबत जायचं. मी दिवसभर तेच केलं. छातीवर जिथं ती असायची तिथं सारखं थंड वाटायचं. पदर दोनदा गुंडाळला तरी.

आई माझ्या पुढच्याच वाफ्यात होती. मागे न बघता म्हणाली, "तुना जीव तठेच शे."

मी म्हटलं, "हो, तिथंच आहे."

"ऱ्हाऊ दे. जीवले काय, तो ऱ्हास जठे ऱ्हावाना तठे. तू आठे कांदा लाव." मग जीव तिथं आणि हात इथल्या चिखलात, असं चाललं.

काही दिवसांनी यांचा फोन आला, शेजाऱ्यांच्या घरी. कामाचं बोलले, बायांचं बोलले, पाण्याच्या मोटरचं बोलले. मग म्हणाले, "दूध आलं तिला. पोर आता रडत नाही."

मी म्हटलं, "बरं झालं." फोन ठेवून परत वाफ्यात आले आणि उरलेलं रोप लावून संपवलं.

आईला त्या दिवशी संध्याकाळी मी म्हणाले, लेकरू आईकडं राहिलं. ती चुलीपुढून म्हणाली, "जेनं तेले भेटनं. हाई चांगलं व्हयनं." आणि माझ्या ताटात तिनं तिच्या वाटणीचीही भाकरी घातली.

परतले तेव्हा बाग गोडीला आली होती. खुडा सुरू झाला होता, क्रेट भरत होते. चर केव्हाच बुजला होता, पट्ट्यावर नुसती ताजी, उघडी माती. शेफाली अंगणात उन्हाला बसली होती, मनुका तिच्या खांद्यावर. गाल धरले होते, मान सावरत होती. तिनं मला ओळखल्यासारखं बघितलं की नाही, मला सांगता यायचं नाही. लहान मुलं सगळ्यांकडंच तशी बघतात.

शेफाली उठली, माझ्याजवळ आली आणि तिनं वाकून माझ्या पायाला हात लावला. मी तिला उठवलं.  बोलायला भाषा कुठली होती आमच्याकडं?

पुढच्याच आठवड्यात बिमलची गँग आणखी लांब गेली आणि जीप येऊन दोघींना घेऊन गेली. आत्याबाईंनी वाळे दिले. आता ते बसत होते. खुड्याच्या बायांनी ओळींमधून माना काढून हात हलवले. मग सगळ्या पुन्हा कामाला लागल्या. पिकला माल कुणासाठी थांबतो?

आम्हाला मूल झालं नाही. आत्याबाई गेल्या. आता बाग हे आणि मी बघतो. पट्ट्यावर काही मोठं लावता येत नाही, तिथं उभं राहिलं की दोन्हीकडं बाग आणि मध्ये सरळ लांब मोकळं आभाळ दिसतं. सुरुवातीला मला ते बोडकं वाटायचं. आता मी संध्याकाळी मुद्दाम तिथं जाऊन उभी राहते.

मनुका आता कॉलेजात आहे. दिवाळीला फोटो येतो, सलवार-कमीज, खांद्यावर बॅग, आईसारखेच मोठे डोळे. खाली 'हॅपी दिवाळी मौसी'. मी तो फोटो मोठा करून बघते. हे चष्मा लावून बघतात आणि म्हणतात, "उंच झाली." दरवर्षी तेच म्हणतात.

पण मधली काही वर्षं काहीच आलं नव्हतं. पहिली दोन वर्षं बिमल फोन करायचा, मग नंबरच बंद झाला. आम्ही धरून चाललो होतो की असं असतंच. आणि एका उन्हाळ्यात, खरड छाटणी उरकली होती तेव्हा, अचानक त्याचा फोन. त्याला समुद्राकाठच्या टर्मिनलवर कायमचं काम मिळालं होतं, जिथून आमच्या शेताखालचं तेल निघतं तिथंच. क्वार्टर मिळालं होतं. "दीदी, आ जाओ," म्हणाला. आम्ही गेलो.

खारा वारा, सपाट जमीन आणि पांढऱ्या टाक्या, एवढ्या मोठ्या की त्यांच्या सावलीत एकेक गाव मावावं. बिमलनं फाटकाबाहेरूनच दाखवलं. "यहाँ से चलता है तेल. आपके बगीचे के नीचे से जाता है." हे बराच वेळ तारेच्या कुंपणाला धरून बघत उभे होते.

मुलगी सहा वर्षांची झाली होती. शाळेत नाव दुसरंच, घरी 'मोनुका'. शेफालीच्या मागे लपली. बंगाली, हिंदी, गुजराती सगळं भराभर बोलायची. मला विचारलं, "आप कौन हो?" मी म्हटलं, "मौसी." तिनं मान डोलावली आणि खेळायला पळाली. मी आणलेले लाडू तिला आवडले नाहीत. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. मी स्वतःला तसं दोन-तीनदा सांगितलं.

दुपारी पुरुष दोघं टाक्यांकडं गेले होते. आम्ही दोघी क्वार्टरच्या पायरीवर सावलीत बसलो. मोनुका खेळून दमून आईच्या मांडीवर झोपी गेली, तोंड उघडं, कपाळावर घाम. शेफाली तिच्या केसांतून बोटं फिरवत होती. तिचं हिंदी आता सुधारलं होतं.

"दीदी, फोन मैंने बंद करवाया था," ती म्हणाली.

मी पायरीवर पडलेली मोनुकाची चप्पल सरळ केली.

"डर लगता था. इसने आपका आवाज़ सुन लिया, और फिर से वैसे रोने लगी, तो?" तिनं मोनुकाचा फ्रॉक सारखा केला. "आप नामपूर क्यों गई थीं, मुझे तभी मालूम था. कभी बोल नहीं पाई।"

वारा सुटला होता. लांब टाकीवर कुणीतरी जिना चढत होतं, मुंगीएवढं.

शेफालीनं मोनुकाच्या मानेखाली हात घातला, तिला अलगद उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. पोरगी जड होती, घामेजलेली. झोपेतच तिनं अंग दुमडून घेतलं आणि गाल माझ्या पोटाशी टेकवला.

"मैं चाय बनाती हूँ," शेफाली म्हणाली आणि आत गेली. जाताना तिनं दार लोटून घेतलं.

सावली पायरीवरून उतरून अंगणात गेली, अंगणातून कुंपणापाशी गेली. आतून भांड्याचा आवाज आला नाही, स्टोव्हचा आला नाही. चहाला इतका वेळ लागत नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.